बिनपगारी फुल अधिकारी: हौशी माणसं खरीखुरी रेल्वे कशी चालवतात

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राला लागून टाउइन नावाचं छोटंसं गाव आहे. तिथून डोंगरात शिरणारी टालिलिन ही नॅरोगेज रेल्वे निघते. लांबी सव्वासात मैल, म्हणजे बारा किलोमीटरलाही थोडी कमीच. दोन रुळांमधलं अंतर 686 मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचं 610 आहे, म्हणजे ही तिच्याहून चार बोटं रुंद. इंजिनं कोळशावर चालणारी, त्यातली दोन 1860 च्या दशकातली. आणि ड्रायव्हर, आगवाला, गार्ड, तिकीट खिडकीवरचा माणूस, रुळाखालची खडी सारखी करणारी टोळी, यांतले बहुतेक जण बिनपगारी. थोडे पगारी कर्मचारी आहेत, पण त्यांच्या एकट्याच्या बळावर एक मोसमही निघायचा नाही. 1951 पासून हे असंच चालू आहे. स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

हे कुणाला सांगितलं की प्रश्न ठरलेले. सरकार हौशी लोकांच्या हाती रेल्वे देतंच कसं? परवडतं कसं? आणि आपल्याकडे असं का नाही? उत्तरं रंजक आहेत. फक्त ती इंजिनाकडे बघून सापडत नाहीत. इंजिन काय, कुणीही वाचवेल. स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं केलं, काळा-लाल रंग मारला, कुंपण घातलं की झालं. चालती रेल्वे वाचवायची तर रूळ, बॉयलर, कागदपत्रं आणि पाळ्यांचा तक्ता हे सगळं वाचवावं लागतं. यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही.

कापूस संपला म्हणून दगडाकडे

ही रेल्वे का निघाली, याचं मूळ अमेरिकेत आहे. 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. या गोष्टीची आपली बाजू मराठी वाचकाला ठाऊक असते. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंद आणि इतर व्यापाऱ्यांनी शेअरबाजार डोक्यावर घेतला आणि 1865 साली युद्ध संपताच सगळं कोसळलं. तिकडच्या टोकाला मात्र गिरणीमालक माशा मारत बसले होते. त्यांच्यापैकी मँचेस्टरच्या मॅककॉनेल कुटुंबाने पैसा दुसरीकडे गुंतवायचं ठरवलं आणि 1864 साली वेल्सच्या डोंगरातली ब्रिन एग्लुइस ही स्लेटची खाण भाड्याने घेतली. स्लेट म्हणजे पातळ पापुद्र्यांत फुटणारा तोच दगड, ज्याच्या पाटीवर आपल्या आजी-आजोबांनी अक्षरं गिरवली. ब्रिटनमध्ये तो घरांच्या छपरांवर चढत होता.

खाण उंच डोंगरात, बाजारपेठ दूर. म्हणून रेल्वे. संसदेचा कायदा 1865 चा. पण प्रवासी न्यायचे तर सरकारी निरीक्षकाचा होकार लागे, आणि इथे या रेल्वेची कायमची खूण जन्माला आली. 1866 साली कॅप्टन टायलर तपासणीला आले. त्यांनी मोजून पाहिलं, तर रस्त्याच्या पुलांखालून जाताना डबा आणि पुलाची भिंत यांच्यामध्ये दोन फुटांचंही अंतर राहत नव्हतं. हवं होतं अडीच फूट. गाडी अडकली आणि कुणी दार उघडून उतरायला गेलं, तर चेंगरायचंच. पूल पाडून पुन्हा बांधायची ऐपत नव्हती. मग तोडगा निघाला: पुलांखाली रूळ मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा मिळते, आणि भिंतीला खेटणाऱ्या बाजूची दारं कायमची बंद करून टाकायची. आजही टालिलिनच्या डब्यांना चढ-उतार एकाच बाजूने आहे आणि फलाटही सगळे त्याच बाजूला. आखणीतली चूक दीडशेहून जास्त वर्षं सांभाळून ठेवली आहे म्हणा ना.

टायलरसाहेबांनी इंजिनांनाही नावं ठेवली. पहिलं ‘टालिलिन’ चालताना वरखाली उसळायचं, दुसरं ‘डोल्गॉख’ आडवं डोलायचं. पहिल्याला मागे आणखी एक चाकजोडी लावली, दुसऱ्यात थोडी दुरुस्ती केली आणि गाडी सुरू झाली. ही दोन्ही इंजिनं अजून आहेत. जुन्या यंत्राचं सगळं जुनंच असतं असं समजू नका. इतक्या वर्षांत त्यांचे बरेच भाग बदलले गेलेत, बॉयलरसुद्धा.

सरकार विसरलं, ते बरं झालं

खाणीचे चांगले दिवस फार टिकले नाहीत. 1911 साली तिथल्या मतदारसंघाचे खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. नफा नावालाही नव्हता. तरी मी जिवंत असेपर्यंत गाडी बंद पडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. 1946 च्या नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी खाणीत दरड कोसळली आणि खाण बंद झाली. रेल्वेचं जगण्याचं कारणच गेलं. म्हातारबुवा मात्र उन्हाळ्यात आठवड्यातून दोन दिवस गाडी सोडत राहिले.

याच काळात ब्रिटिश सरकारने देशातल्या रेल्वे ताब्यात घेतल्या. कायदा 1947 चा, अंमल 1 जानेवारी 1948 पासून. कायद्याला जोडलेल्या कंपन्यांच्या यादीत टालिलिनचं नावच नव्हतं. शेजारच्या खोऱ्यातली, अगदी याच मापाच्या रुळांची कॉरिस रेल्वे मात्र आधीपासून एका मोठ्या कंपनीकडे होती, त्यामुळे ती आपोआप सरकारी झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायमची बंद झाली. यादीत नसलेली जगली, यादीत असलेली गेली.

इथे विदर्भातल्या वाचकाला शकुंतला आठवली नसेल तर नवल. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी धावणारी ही नॅरोगेज किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने टाकली ती वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला. तिथून तो मुंबईला, मुंबईहून मँचेस्टरला. म्हणजे कापसाच्या एकाच व्यापाराने वेल्समध्ये एक छोटी रेल्वे जन्माला घातली आणि वऱ्हाडात दुसरी. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे रेल्वे सरकारी झाल्या तेव्हा शकुंतलेची मालकीही खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. पुढचा रस्ता मात्र वेगळा झाला. मालक एक, गाडी चालवणारे दुसरे, आणि रुळांच्या डागडुजीसाठी खिशात हात कुणी घालायचा या घोळात मार्ग खंगत गेला. आज तिथे गाडी नाही.

टालिलिनच्या बाबतीत योग्य वेळी योग्य माणसं भेटली. टॉम रोल्ट हे इंजिनिअर आणि लेखक, ब्रिटनचे जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत आघाडीवर होते. जुलै 1950 मध्ये हेडन जोन्स वारले. त्या मोसमानंतर गाडी बंद होणार हे उघड होतं. 11 ऑक्टोबर 1950 रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात रोल्ट आणि मित्रांनी सभा बोलावली. सत्तरेक लोक आले. रेल्वे वाचवण्यासाठी संस्था काढायची ठरली.

तोपर्यंत रेल्वे ही एक तर सरकार चालवतं नाही तर कंपनी, असाच समज होता. सभासदांची वर्गणी आणि रविवारची सुट्टी यांच्या जोरावर रेल्वे चालवू म्हणणारे लोक शहाण्यासुरत्यांना खुळे वाटले असणार.

गवताने धरून ठेवलेले रूळ

कायदेशीर बाजू त्यांनी हुशारीने सोडवली. 1865 च्या कायद्याने जन्मलेली मूळ रेल्वे कंपनी मोडलीच नाही. ती मोडली असती तर रूळ, जमीन, रस्ते ओलांडायचा हक्क सगळं नव्याने मिळवावं लागलं असतं. हेडन जोन्स यांच्या पत्नीने कंपनीचे शेअर, ते सांभाळण्यापुरत्या काढलेल्या नव्या संस्थेच्या हवाली केले. कंपनी तीच, मालक नवे, आणि कामाला माणसं पुरवायला शेजारी सभासदांची सोसायटी. ही रचना मुळातून आजही तशीच आहे. प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी कंपनीची, हात सोसायटीचे. पुढे निघालेल्या अनेक जुन्या रेल्वेंनी थोड्याफार फरकाने हेच केलं.

आता या मंडळींच्या हाती लागलं काय? चालू स्थितीतलं इंजिन एकच, ते डोलणारं डोल्गॉख. आणि रूळ असे, की खालचे स्लीपर कुजलेले, खिळे सुटलेले. माती आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलं होतं म्हणून दोन रूळ एकमेकांपासून लांब गेले नव्हते. हौशी माणूस येतो तो गवत उपटायच्या उत्साहात. इथे गवत उपटलं की रेल्वेच उघडी पडायची!

तरीही 14 मे 1951 रोजी पहिली गाडी निघाली, टाउइनपासून रिडरोनेनपर्यंत, म्हणजे निम्म्याहून कमी वाटेवर. इंजिनांची तूट भरायला बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची उरलेली दोन इंजिनं कामी आली. सरकारी रेल्वेने ती प्रत्येकी 25 पौंडांना दिली. त्यातलं एक चालवायला घेतलं तर ते पुन:पुन्हा रुळांवरून घसरे. कारण त्याच्या चाकांची रुळावर टेकणारी कड अरुंद होती आणि टालिलिनचे रूळ ठिकठिकाणी फाकलेले होते, त्यामुळे चाक सरळ दोन रुळांच्या मध्ये पडायचं. डोल्गॉखची चाकं रुंद, म्हणून तेच त्या रुळांवर तग धरून होतं. पहिला मोसम जवळजवळ त्या एकाच इंजिनाने रेटला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉरिस इंजिनाची दुरुस्ती हन्सलेट या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने फुकट करून दिली, कारण कंपनीचे प्रमुख स्वतः सोसायटीचे सभासद होते.

त्यानंतरची बरीच वर्षं खर्च झाली ती रुळांवरच. स्लीपर काढा, नवे घाला, खडी टाका, पाणी वाहून जायला चर खणा, कुंपणं बांधा. या कामाला शेवट नसतो. वेल्सच्या या भागात पाऊस आपल्या घाटमाथ्याची आठवण करून देईल असा, आणि झुडपं दरवर्षी रुळांवर चाल करून येतात. आपल्याकडे रविवारी पहाटे उठून गडावरची टाकी उपसायला, तटबंदीवरची झाडं काढायला जाणारी मंडळी आहेत. टालिलिनची रुळांवरची टोळी त्याच जातकुळीची. फरक इतकाच, की गड जागेवर उभा असतो आणि त्याच्यावरून दर तासाला माणसांनी भरलेले डबे जात नाहीत.

नियम कुणालाच सुटत नाहीत

हौशी म्हणजे ढिसाळ, हा समज इथे उतरतो. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा या छोट्या रेल्वेंचीही तपासणी करते. ताशी 40 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या जुन्या रेल्वेंना मोठ्या रेल्वेंसारखं सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. पण धोके कोणते, ते कसे टाळणार, कोण कशाला जबाबदार, हे सगळं लेखी स्वरूपात असावं लागतं आणि तसं वागावंही लागतं. मोठा अपघात झाला तर चौकशीला तेच स्वतंत्र पथक येतं जे मुख्य रेल्वेच्या अपघातांना जातं. मी फुकट काम करत होतो, ही सबब तिथे चालत नाही.

म्हणून माणूस थेट इंजिनावर चढत नाही. सुरुवात पुसण्यापासून. चिंध्या, तेल आणि इंजिनाचा मळ. हे वर्षभर केलं की कुठला बोल्ट सैल असतो, कुठून पाणी झिरपतं, हे हाताला कळायला लागतं. मग नियमांची परीक्षा, मग आगवाला म्हणून अनुभवी माणसाच्या नजरेखाली फेऱ्या, मग पुन्हा परीक्षा. ड्रायव्हर होईपर्यंत कित्येक वर्षं जातात, कारण बिचारा वर्षातले थोडेच दिवस येऊ शकतो. गार्डलाही परीक्षा आहे, आणि तब्येतीची तपासणी तर आहेच. वरिष्ठ वकील असो की बँकेचा मॅनेजर, शेडमध्ये आल्यावर राख काढायची पाळी त्याच्यावर येते.

नियमांतला सगळ्यात सुंदर प्रकार मला वाटतो तो टोकनचा. ही एकेरी लाइन आहे. गाड्या एकमेकींना ओलांडणार फक्त पेंड्रे, ब्रिनग्लास आणि क्वॉरी सायडिंग इथल्या जोडमार्गांवर. मग दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत याची खात्री कशी? प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र असतं आणि ती दोन्ही तारेने जोडलेली असतात. त्यांत धातूच्या जाड किल्ल्या असतात, म्हणजे टोकन. इकडच्या माणसाला किल्ली काढायची असेल तर तिकडच्या माणसाने त्याच्या यंत्रावरून तशी मुभा द्यावी लागते. एक किल्ली बाहेर आली की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. ती किल्ली कुठल्याही एका टोकाला परत आत जाईपर्यंत दुसरी निघतच नाही. आणि किल्ली हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने त्या टप्प्यात इंजिन घालायचं नाही. टप्प्यासाठी एका वेळी एकच किल्ली, म्हणून एकच गाडी. संगणक नाही, काही नाही. आपल्याकडे एकेरी मार्गावरच्या स्टेशनांत मास्तरच्या खोलीतून ‘गोळा’ निघायचा आणि चालत्या गाडीतून ड्रायव्हर वेताच्या कडीत अडकवलेला तो गोळा झेलायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे तत्त्व वेगळं समजावायला नको.

बॉयलरची दहा वर्षं

पैसे सगळ्यात जास्त खातो तो बॉयलर. तो कसा चालतो हे कळलं की का खातो तेही कळतं.

मागे कोळसा जळतो ती आगपेटी, पुढे धूरपेटी आणि मध्ये पाण्याने भरलेली लांबट टाकी. आगपेटीतला गरम वायू टाकीतून आरपार गेलेल्या कित्येक नळ्यांमधून पुढे जातो आणि जाता जाता भोवतीचं पाणी उकळतो. पाणी कोंडलेलं, त्यामुळे वाफेचा दाब वाढतो. ड्रायव्हरने दांडी ओढली की ती वाफ सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या ढकलते, चाकं फिरतात. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते आणि जाताना आगीला हवा खेचून घेते. भक्-भक् आवाज येतो तो यातून. इंजिन जितकं जोर लावेल तितका आगीला वारा जास्त. स्वतःची भूक स्वतःच वाढवणारं हे यंत्र आहे.

धोका पाण्याच्या पातळीत. आगपेटीच्या छतावर नेहमी पाणी असलंच पाहिजे. ते कमी झालं तर छताचा पत्रा तापून मऊ पडतो आणि आतल्या दाबाखाली फाटतो. म्हणून त्या छतात शिसं भरलेला एक बूच बसवतात. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ सरळ आगीवर सुटते. ड्रायव्हरला इशारा मिळतो. हे बूच एकदा वितळलं की त्या आगवाल्याला शेडमध्ये पुढची कित्येक वर्षं त्यावरून ऐकावं लागतं.

तापणं, थंड होणं, पाण्यातला क्षार चिकटणं, या सगळ्यात पत्रे, नळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे खिळे झिजतात. म्हणून दरवर्षी तज्ज्ञ निरीक्षक दोनदा पाहतो, एकदा थंड असताना आतून आणि एकदा वाफ भरून. आणि साधारण दर दहा वर्षांनी इंजिन पूर्ण उघडायचं: बॉयलर चौकटीवरून उतरवायचा, सगळ्या नळ्या काढायच्या, पत्र्यांची जाडी मोजायची, हवं तिथे नवा पत्रा घालायचा. हे काम महिन्यांचं नाही, बहुधा वर्षांचं. जुन्या रेल्वेवर गेल्यावर अर्धी इंजिनं सुटी करून ठेवलेली दिसली तर निराश होऊ नका. रेल्वे नीट चालल्याची ती खूण आहे. सगळीच इंजिनं सदासर्वकाळ धावताना दिसली तर मला उलट काळजी वाटेल.

पेंड्रेची शेड

टाउइनला दोन जागा नीट बघाव्यात. पहिली व्हार्फ, म्हणजे जिथे स्लेट छोट्या वाघिणींतून उतरवून मुख्य रेल्वेच्या वाघिणींत चढवली जाई तो धक्का. आता तिथे मुख्य स्थानक, उपाहारगृह आणि नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात पिंपं ओढणारं छोटं इंजिनही तिथे ठेवलंय.

दुसरी, आणि माझ्या मते खरी जागा, पेंड्रे. व्हार्फपासून गाडी जेमतेम सुटते तोच हे येतं. सुरुवातीपासूनची लोको शेड, वर्कशॉप आणि डब्यांची शेड इथे आहे. पहिली गाडी साडेदहाची असली तरी इथे सहा-सातलाच कुणीतरी आलेला असतो. कालची राख काढायची, पाण्याची पातळी बघायची, लाकडं रचून हळूहळू आग लावायची. घाई केली तर पत्रे एकसारखे तापत नाहीत, म्हणून वाफ धरायला तास-तास लागतात. तेवढ्या वेळात एकजण तेलाची लांब चोचीची झारी घेऊन इंजिनाखाली वाकलेला असतो. प्रत्येक सांध्याला तेल, एकही चुकवून चालत नाही.

या वर्कशॉपची करामत बघायची तर सात नंबरचं इंजिन बघा. आयर्लंडमध्ये दलदलीतलं पीट, म्हणजे जळणाची माती, वाहून न्यायला 1949 साली बनवलेलं एक इंजिन त्यांनी आणलं. त्याचं रूळमाप तीन फूट, इथे उपयोग शून्य. त्याचे भाग वापरून, बाकीचं स्वतः आखून आणि घडवून 1991 साली जवळजवळ नवं इंजिन उभं केलं. नाव ठेवलं टॉम रोल्ट.

डब्यांमध्ये गार्डचा जुना डबा शोधा. त्याला बाहेरच्या बाजूला एक तिकीट खिडकी आहे. वाटेतल्या थांब्यांवर तिकीटघरं बांधायला पैसे नव्हते, म्हणून तिकीटघरच गाडीबरोबर फिरवायचं! गाडी थांबली की गार्ड आतून खिडकी उघडायचा आणि फलाटावरच्या लोकांना तिकीट द्यायचा.

वाटेत डोल्गॉखला एक विटांचा तीन कमानींचा पूल लागतो, खालच्या ओढ्यापासून 15 मीटरहून उंच. गाडी इथे पाणी घ्यायला थांबते. धबधबे चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत, उतरून पुढची गाडी पकडता येते. अ‍ॅबरगनॉल्विन हे पूर्वीचं शेवटचं प्रवासी स्थानक. त्यापुढचा तुकडा फक्त स्लेटसाठी होता, तो स्वयंसेवकांनी दुरुस्त करून 1976 साली प्रवाशांना खुला केला. नँट ग्वेर्नॉलला रूळ संपतात आणि खाणीकडे जाणाऱ्या उताराचा पायथा सुरू होतो. गंमत म्हणजे हेडन जोन्स यांच्या काळात सहलीला आलेली मंडळी स्लेटची रिकामी वाघीण भाड्याने घ्यायची आणि शेवटची गाडी गेल्यावर तिच्यात बसून नुसत्या उतारावर घरंगळत टाउइन गाठायची. आजच्या निरीक्षकाला हे सांगून बघा.

पैसा, कोळसा आणि आपण

तिकिटं, उपाहारगृह, दुकान, सभासदांची वर्गणी, देणग्या आणि मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, यांवर गाडा चालतो. मजुरी मोजली असती तर तिकिटाचे दर कुणाला झेपले नसते. ती मोजावी लागत नाही, म्हणूनच हे गणित बसतं. 2021 मध्ये वायव्य वेल्सच्या स्लेट प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा जाहीर केलं, त्यात ही रेल्वे आणि ब्रिन एग्लुइस खाणही आहे. मान मोठा, पण त्याने बॉयलर दुरुस्त होत नाही.

नवी डोकेदुखी कोळशाची. इंजिनांना लागणारा चांगला कोळसा वेल्समध्येच निघायचा. दक्षिण वेल्समधली फॉस-इ-व्हरान ही खुली खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली, आणि ब्रिटनभरच्या वाफेच्या रेल्वे आता परदेशी कोळसा आणि कोळशाच्या भुकटीच्या बनवलेल्या वड्या जाळून पाहताहेत. वेगळ्या जळणावर आग वेगळी वागते. मुरलेले आगवालेही पुन्हा शिकतायत.

आपल्याकडे माथेरान, दार्जिलिंग, निलगिरी या गाड्या रेल्वे खातंच चालवतं. मनुष्यबळ सरकारी, नुकसान सरकारी. कौशल्य आपल्याकडे कमी नाही, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपने नॅरोगेजचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलंय. अडतं ते रचनेत. रूळ, जमीन, इंजिन, सगळं एका खात्याच्या मालकीचं असताना बाहेरच्या सभासदांच्या संस्थेला जबाबदारीसकट ते सोपवायची वाटच नाही. टालिलिनची खरी देणगी मला विचाराल तर ती कंपनी-सोसायटीची जोडी आहे. शकुंतलेसाठी गावोगावी माणसं झटली, पण त्यांच्या हाती निवेदनं आणि मोर्चे यापलीकडे काही देता येईल असं कायद्यात काही नव्हतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. गाड्या मुख्यतः वसंत ते शरद, हिवाळ्यात फार थोड्या. वेळापत्रक बघूनच निघा. डोंगराकडे जाताना दाराच्या बाजूला, म्हणजे डावीकडे बसा, खोरं त्या बाजूने दिसतं. काम करायचं असेल तर सोसायटीचे सभासद व्हा. पहिल्या दिवशी हातात कोयता किंवा फावडं येईल, फावडं कोळशाचं नसेल. बर्मिंगहॅमहून टाउइनला मुख्य रेल्वेची थेट गाडी मिळते, पण माखन्लेथ स्थानकात तिचे दोन तुकडे होतात. पुढ्हेलीला जाणाऱ्या डब्यांत बसलात तर टाउइनला उतराल, नाही तर अबरिस्टविथची सैर घडेल.